आधी ‘कधी’, मग ‘कोण’

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा पोटमाळ्यावरून तीन गोष्टी खाली आल्या: तांब्याचा बंब, पाय मोडलेला पाट आणि बिस्किटांचा चौकोनी डबा. बंबावरून दोन घरांत अबोला झाला. पाट कोणालाच नको होता. डबा माझ्याकडे आला, कारण त्यात नुसते फोटो होते.

फोटो ४३. त्यातल्या १८ फोटोंवर ना नाव, ना गाव, ना तारीख. त्यातलाच एक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सहा माणसांचा. मध्ये खुर्चीवर म्हातारी बाई, तिच्यामागे काळी टोपी आणि कोट घातलेला पुरुष, तीन तरुण बाया आणि चकोट केलेला एक मुलगा. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाजवळ नेला आणि म्हणाली, “अरे, हे आप्पा!” आप्पा म्हणजे माझे पणजोबा. आत्या ८७ वर्षांची, घरात सगळ्यांत मोठी. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

फोटोतला माणूस आप्पा नाही. हे कळायला मला तीन महिने लागले. ज्या वाटेने कळलं ती तुमच्याही डब्याला लागू पडेल, म्हणून सांगतो.

जुना फोटो हातात आला की आपण पहिल्यांदा विचारतो, “हे कोण?” इथेच गाडी चुकते. मेंदूला चेहरे जुळवायची भारी हौस. ओळखीचं नाक दिसलं की तो नाव देऊन मोकळा होतो, आणि एकदा नाव मिळालं की बाकीचं काही दिसतच नाही. त्यापेक्षा आधी विचारावं, “हा कधीचा?” दहाएक वर्षांचा पट्टा जरी ठरला तरी त्या काळात कोण जिवंत होतं, कोण किती वर्षांचं होतं, कोणाचं लग्न झालं होतं, यावरून निम्मी नावं आपोआप गळतात. उरतात त्यांच्यात चेहरा शोधायचा.

तारीख लावण्याचा मूळ नियम एकच आहे. फोटोतली नवी वस्तू बोलते, जुनी वस्तू गप्प बसते. म्हातारी नऊवारीत आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण माझी एक आजी २००३ सालीही नऊवारीतच होती. पण त्याच फोटोत कोणाच्या मनगटावर घड्याळ असेल, तर तो फोटो मनगटी घड्याळं रुळण्याआधीचा असूच शकत नाही. तेव्हा सगळ्यांत नवी गोष्ट शोधायची. ती बहुधा सगळ्यांत तरुण बाईच्या अंगावर असते. म्हातारी माणसं आपल्या तरुणपणातल्या फॅशनमध्ये थांबतात, मुलांना मोठ्यांचे उतरलेले कपडे घालतात. नव्या सुनेची साडी मात्र त्या वर्षाची असते.

आमच्या फोटोत डावीकडच्या मुलीच्या अंगावर पाचवारी होती आणि ब्लाउजला फुग्याच्या बाह्या. शेजारची नऊवारीत. मराठी पांढरपेशा घरांतल्या तरुण मुलींमध्ये पाचवारी रुळली ती १९३० च्या दशकात आणि पुढे, फुग्याच्या बाह्याही त्याच सुमाराच्या. मागे उभ्या पुरुषाच्या मनगटावर घड्याळ. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ सर्रास दिसू लागलं ते पहिल्या महायुद्धानंतर, त्याआधी ते खिशात साखळीला असे. आता आप्पा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. म्हणजे हे आप्पा असतील तर मरून पंधराएक वर्षं झाल्यावर फोटोला उभे राहिले.

मग आत्या चुकली कशी? आत्याचा जन्म १९३८ चा. तिने आप्पांना पाहिलेलंच नाही. तिला ठाऊक आहे ती भिंतीवरची तसबीर. आणि ती तसबीर म्हणजे एन्लार्जमेंट. पूर्वी घरातलं माणूस गेलं की कुठल्या तरी समूहफोटोतला त्याचा चेहरा तेवढा उचलून मोठा करून घेत. एवढा मोठा केला की चेहरा धूसर होई, मग स्टुडिओतला कलाकार ब्रशने भुवया, मिशा, डोळ्यांतली चमक रंगवून देई. म्हणजे आत्याच्या डोक्यातले आप्पा निम्मे त्या कलाकाराने काढलेले. त्या चित्राशी घरातला कुठलाही मिशीवाला पुरुष जुळला असता.

तसबिरीवरून आणखी एक सांगायचं राहिलं. अशा फोटोला तीन तारखा असतात: फोटो काढल्याची, ही प्रत छापल्याची आणि चौकट केल्याची. जुनी चौकट उघडली की पाठीमागे घातलेला वर्तमानपत्राचा कागद निघतो, त्यावर छान तारीख असते आणि आपण खूश होतो. आमच्या आप्पांच्या मागून १९५४ चा अंक निघाला. ती तारीख चौकटीची, आप्पांची नव्हे.

आता कागदाकडे येऊ. यासाठी सोनार वापरतात तसलं दहापट भिंग पुरतं.

मुंबईत फोटो फार लवकर आला. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. पण त्या काळचा फोटो तुमच्या-माझ्या डब्यात निघण्याची शक्यता कमीच, तो चैनीचा मामला होता. एकोणिसाव्या शतकातला फोटो निघालाच तर बहुधा अल्ब्युमेनचा असतो: अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला पातळ कागद, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, चहासारखा तपकिरी-पिवळा. भिंगातून पाहिलं तर कागदाचे तंतू दिसतात आणि वर बारीक चिरा. पुठ्ठा साधारण ६ बाय १० सेंटिमीटर असेल तर तो ‘कार्त द व्हिझित’, ११ बाय १६.५ च्या आसपास असेल तर ‘कॅबिनेट’. पहिला १८६० नंतर फोफावला, दुसरा त्याच्या मागून आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला.

त्यानंतरचे जवळपास सगळे कृष्णधवल फोटो जिलेटिनचे, म्हणजे चांदीचे कण जिलेटिनच्या थरात धरलेले. त्यात तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि फोटो तिरका धरला की काळ्या भागांवर निळसर, पाऱ्यासारखी झाक चमकते. ती चांदी वर आल्याची खूण. माझी आई तिला वर्षानुवर्षं बुरशी समजून पुसत होती. नागमोडी कापलेल्या पांढऱ्या कडा बहुतेक १९३० ते १९६० च्या दशकांतल्या. रंगीत फोटो सगळाच लालसर-गुलाबी झाला असेल तर तो साधारण १९६० ते १९८० च्या दशकांतला, कारण त्या काळच्या रंगांतला निळा आधी उडतो. हाताला प्लॅस्टिकसारखा लागणारा आणि सहज न फाटणारा कागद १९७० च्या आसपास आला. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर आनंद आहे, पण कॅमेऱ्यातलं घड्याळ कोणी लावलं होतं का, हा प्रश्न उरतोच. आमच्या एका मुंजीच्या अल्बमवर १ जानेवारी १९८७ अशी तारीख आहे आणि पानात आमरस.

कपड्यांचे रंग ओळखताना एक फसगत सांभाळा. जुन्या काचेच्या निगेटिव्हना आणि फिल्मना लाल रंग दिसत नसे. लाल उजेड त्यांच्यावर उमटायचाच नाही, म्हणून लाल वस्तू फोटोत काळी येई. उलट निळी वस्तू पांढरीफटक. सगळे रंग पकडणाऱ्या फिल्म १९२० आणि १९३० च्या दशकांत हळूहळू पसरल्या. त्यामुळे आधीच्या फोटोत जी बाई काळ्या साडीत बसल्यासारखी वाटते, ती लाल शालूतली नवरी असू शकते. किंवा लाल आलवणातली विधवा. दोघींमधला फरक कपाळावर आणि गळ्यात शोधायचा.

मराठी घरांच्या फोटोंत कुंकू आणि मंगळसूत्र हा तारखेचा मोठा पुरावा आहे, कितीही अस्वस्थ करणारा असला तरी. नवरा गेल्याचं साल माहीत असेल, तर तिच्या कपाळावरून फोटो त्या सालाच्या अलीकडचा की पलीकडचा ते लगेच कळतं. आमच्या फोटोतली मधली म्हातारी आलवणात, कपाळ रिकामं, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. म्हणजे आप्पा गेल्यानंतरची आमची पणजी. तिच्या मागे नवरा कसा उभा असेल? हे खरं तर पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. पण आम्ही ‘आप्पा’ ऐकलं होतं.

कपाळावरचा ठिपका कुंकवाचाच असतो असंही नाही. दोन भुवयांमधलं गोंदण वैधव्यानंतरही राहतं आणि फोटोत ते कुंकवाच्या टिकलीसारखंच दिसतं. त्यात स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलने हात फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवत, तेव्हा डागाबरोबर गोंदणही जाई.

स्टुडिओवर एकूणच फार विश्वास ठेवू नये. मागचा राजवाड्याचा जिना रंगवलेला पडदा असतो. टेबलावरची जाड पुस्तकं, फुलदाणी, कधी कधी अंगातला कोटसुद्धा स्टुडिओच्या मालकीचा. कोकणातून गिरणीत आलेला माणूस गावाला पाठवायला फोटो काढून घ्यायचा तेव्हा त्याला साहेबासारखं दिसायचं असे आणि स्टुडिओ ते दोन रुपयांत करून देई. मात्र हाच पडदा उपयोगी पडतो. दोन फोटोंत एकच पडदा, एकच गालिचा, त्याच कोपऱ्यात तोच फाटका तुकडा दिसला तर दोन्ही फोटो एकाच स्टुडिओतले आणि जवळच्याच काळातले. त्यातल्या एकावर तारीख असली की दुसऱ्याचं काम झालं.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही एकदा पाहावं. काचेची निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. ती उजवीकडे दिसली आणि पुरुषांच्या कोटाची बटणंही बायकांच्या बाजूने निघाली, तर फोटो आरशातला आहे असं समजा. नाहीतर ‘डावीकडून दुसरे’ लिहून पुढच्या पिढीची पंचाईत कराल.

घराबाहेर काढलेल्या फोटोंना मुंबई स्वतःच तारखा लावते. नातेवाईक गावाहून आले की त्यांना गेटवेला नेऊन उभं करायची आपली जुनी रीत. गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसत असेल तर फोटो २६ जानेवारी १९६१ नंतरचा. मागे ताजचा उंच टॉवर असेल तर १९७० च्या दशकातला किंवा पुढचा. मलबार हिलवरच्या म्हातारीच्या बुटात बसलेली मुलं १९५२ नंतरची. रस्त्यात ट्राम धावत असेल तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, कारण त्या रात्री शेवटची ट्राम गेली. फोर्टातल्या काळ्या घोड्यावर राजा बसलेला दिसला तर १९६५ च्या आधीचा, त्या वर्षी तो पुतळा तिथून हलवला आणि पुढे तो राणीच्या बागेत गेला. कोपऱ्यात उभ्या टॅक्सीच्या पाटीवर ‘एमएच ०१’ असेल तर १९८९ च्या आधीचा नाही. माझा अनुभव असा की माणसांकडे पाहून पाहून डोळे शिणतात आणि उत्तर मागच्या पाटीवर निघतं.

फोटोची पाठ ही तर सोन्याची खाण. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘मुंबई ४’ किंवा ‘मुंबई २८’ असा एकच आकडा असेल तर तो पिनकोडच्या आधीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. किंमत आण्यांत लिहिलेली असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, त्या दिवशी नवे पैसे सुरू झाले. रस्त्यांच्या नावांचं गणित थोडं वेगळं. आमच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव निम्मं झिजलेलं, पण खाली ‘गिरगाव बॅक रोड’ स्पष्ट. तो आजचा विठ्ठलभाई पटेल रोड. नवं नाव असतं तर फोटो नक्की नामांतरानंतरचा ठरला असता. जुन्या नावाने काही ठरत नाही, कारण आपण अजूनही लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

पाठीवर शक असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन निघतो. जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. लिखाण मोडीत असेल तर घाबरू नका आणि जवळच्या कोणा हौशी माणसाला अंदाजाने वाचायलाही देऊ नका. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे चौकशी केली तर मोडी जाणणारी माणसं भेटतात. कपड्यांची, केसांच्या वळणांची तुलना करायची तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या मासिकांतल्या जाहिराती पाहाव्यात. त्यातल्या चित्रांना निदान अंकाची तारीख तरी असते.

आता घरच्या तारखा. आपल्याकडे एक गमतीदार अडचण आहे. माणूस गेल्याची तिथी सगळ्यांना तोंडपाठ, कारण श्राद्ध असतं. साल मात्र कोणालाच आठवत नाही. “भाद्रपद वद्य पंचमी, पण कधीची रे?” जन्मतारखांची तऱ्हा याहून वाईट. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली असते, म्हणून जुन्या पिढीतले निम्मे लोक एकाच दिवशी जन्मलेले. शाळेच्या दाखल्यावरचं साल एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरूनच चालावं. त्यापेक्षा लग्नपत्रिका भरवशाच्या, आणि मोठ्या घटनांना टांगलेल्या आठवणी: साथीच्या वर्षी, गोदीतल्या स्फोटाच्या वर्षी, म्हणजे १९४४.

या सगळ्यातून आमचा फोटो असा उलगडला. पाचवारीतली मुलगी माझी आजी. तिच्या लग्नाची पत्रिका डब्यातच होती, १९३५ ची. पणजी गेली १९३९ मध्ये. म्हणजे फोटो या चार वर्षांतला. मुलाचं डोकं चकोट केलेलं, शेंडी राखलेली. मुंडन बाप गेल्यावरही करतात, पण नऊवारीतल्या त्याच्या आईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, तेव्हा मुंज. दाखल्यावर त्याचा जन्म १ जून १९२८ (अर्थातच). आठव्या वर्षी मुंज धरली तर १९३६, फार तर एक वर्ष मागेपुढे. मागे उभा पुरुष त्याचा बाप, आप्पांचा थोरला मुलगा, माझा थोरला आजोबा.

आणि माझे सख्खे आजोबा? ते फोटोत नाहीत. ते तेव्हा कराचीला नोकरीला होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि मराठी कारकून तिकडे बरेच असत. माझा अंदाज असा की मुंजीला येता आलं नाही म्हणून त्यांना पाठवायलाच हा फोटो काढला. पुरावा नाही. पण फोटोत कोण नाही हेही विचारत जा, कधी कधी फोटो त्याच्यासाठीच काढलेला असतो.

चेहरा मी सगळ्यांत शेवटी घेतला. वजन, केस, मिशी, दात बदलतात. कानाचा आकार, केसांची कपाळावरची रेघ, हनुवटीची खळी फारशी बदलत नाही, म्हणून कानापासून सुरुवात करावी. चेहरे जुळवणारी अ‍ॅप भावाभावांत हमखास गोंधळतात. आणि जुना फोटो चकचकीत करून देणारी अ‍ॅप जे दिसत नाही ते स्वतःच्या मनाने भरतात. भाच्याने पणजीचा चेहरा तसा ‘साफ’ करून आणला, तर पापण्या मोजता येत होत्या आणि बाई ओळखीची राहिली नव्हती. शोभेला ठेवा, पुरावा म्हणून नको.

हे सगळं करण्याआधी फोटो स्कॅन करा, ६०० डीपीआयला, पाठीसकट. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या. लॅमिनेशन कधीही नको. चिकट पानांचे अल्बम तर शत्रूलाही देऊ नयेत. पावसाळ्यात डबा उघडा ठेवू नका, मुंबईच्या जुलैत चामड्याच्या चपलेला जे होतं तेच फोटोला होतं. नाव लिहायचं ते पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि नावापुढे खात्री किती तेही लिहा: ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘आत्या म्हणते’.

सहावी बाई राहिली. उजवीकडे कडेला उभी, विशीतली, नऊवारी, मुलाच्या खांद्यावर हात. गळ्यात काही दिसत नाही. कपाळावर ठिपका आहे, पण भिंगाखाली तो कुंकवापेक्षा लहान आणि फिकट वाटतो. आत्याला पुन्हा विचारलं. या वेळी तिने लगेच उत्तर दिलं नाही. “स्वयंपाकघरात कोणी तरी असायची,” ती म्हणाली. “आम्ही तिला ताई म्हणायचो. सगळेच तिला ताई म्हणायचे.”

पाठीवर मी पेन्सिलीने लिहिलं आहे: ‘उजवीकडून पहिली, ताई (आत्या म्हणते).’